ट्रॅकवरच्या एस्टीमचं इंजिन पूर्ण खोललंय (रत्नागिरी, ऐन पावसाळा)

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. माझ्या ट्रॅकच्या एस्टीमचं इंजिन खाली उतरवून पूर्ण खोललंय. कोकणात असं काम घरच्या शेडमध्ये करणारे फारसे सापडत नाहीत, म्हणून हा धागा. सल्ले तर हवेच आहेत, पण जे दिसलं तेही सविस्तर लिहितो. पुढे कुणाला लागलं तर हाताशी राहील.

गाडी २००२ ची. जी१३बीबी इंजिन, १२९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५, सोळा व्हॉल्व्ह, कंपनीचा आकडा ८५ हॉर्सपॉवर. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर (सिलिंडरच्या नळ्या). मागची सीट आणि गालिचे काढलेत, ब्रेक आणि सस्पेन्शन सुधारून घेतलंय. मुळातच नऊशे किलोच्या आतली गाडी, त्यामुळे एवढ्या ताकदीतही ती जिवंत वाटते. रॅलीवाल्यांनी आणि सर्किटवाल्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं उगाच नाही चालवली.

तक्रार अशी. कोइमतूरला करी स्पीडवेवर, टायर चांगले तापलेले असताना, लांब वळणातून बाहेर पडताना तेलाचा दिवा क्षणभर लुकलुकला. थोड्या वेळाने ॲक्सिलरेटर सोडला की खालून जड ठोक ऐकू यायला लागला. वरची टॅपेटची टकटक वेगळी, हा आवाज वेगळा. ऐकला की पोटात गोळाच येतो. तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, गाडी ट्रेलरवर चढवली आणि घरी आणली.

इथे ज्याला विचारावं तो एकच सांगतो: हाफ इंजिन करा, रिंगा आणि बेअरिंग टाका, आठवड्यात गाडी चालू. पण कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जवळपास सारखं आहे, निळा धूर नाही, तेल पिण्याची तक्रार नाही. रिंगांचं दुखणंच नसेल तर रिंगा टाकून ठोक कसा जाणार?

चेंबर (इंजिनाखालची तेलाची परात) काढला तर तळाच्या तेलात बारीक सोनेरी चमक. तीन नंबरच्या रॉडचं (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडणारा दांडा) बेअरिंग सोडवलं. वरच्या शेलवर (बेअरिंगची अर्धी वाटी) मधोमध अंगठ्याएवढा लालसर पट्टा, म्हणजे वरचा मऊ थर जाऊन तांबं उघडं पडलंय. दोन नंबरवर ओरखडे आहेत, एक आणि चार बरेच चांगले. शेल उलटा करून रॉकेलने पुसला तर पाठीवर ०.२५ चा शिक्का (पाव मिमी घासलेल्या क्रँकचं माप). म्हणजे आधीच्या कुणा मालकाने हा क्रँक एकदा घासून घेतलेला आहे. नवीन बेअरिंग मागवण्याआधी जुन्याची पाठ वाचायची ती यासाठीच.

आता मला तीन गोष्टी ठरवायच्या आहेत. क्रँक पुन्हा घासून ०.५० ला न्यावा की दुसरा शोधावा? हे सगळं पावसात उघडं असताना गंजापासून कसं वाचवावं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीन नंबरच का गेला? याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी इंजिन बांधणार नाही.

दापोलीवाला

भाऊ, मेहनत दिसतेय, पण स्पष्ट सांगतो. कुर्ल्याला जुन्या स्पेअरच्या बाजारात एस्टीमचं अख्खं इंजिन मिळून जाईल. क्रँक घासणं, बेअरिंग, पॅकिंग सेट, सील, कोल्हापूरच्या फेऱ्या, हे सगळं धरलं तर जुनं इंजिन आणून बसवणं स्वस्त पडेल. जुन्या गाडीत भावना किती घालायची हेही ठरवायला हवं.

खाडीकाठ

@दापोलीवाला, स्वस्त पडेल हे मान्य. पण आणलेल्या इंजिनाचा इतिहास कोण सांगणार? आणि समजा उत्तम मिळालं, तरी खाली चेंबर तोच, वळणं तीच, टायर तेच. जे या बेअरिंगचं झालं तेच त्याचं होईल. म्हणून आधी कारण.

चौथा_गिअर

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. लांब वळण, तापलेले टायर, लुकलुकणारा दिवा. तेल चेंबरमध्ये होतं, पण स्ट्रेनरपाशी, म्हणजे पंपाच्या तोंडावरच्या जाळीपाशी, नव्हतं.

परातीत पाणी घेऊन धावताना वळलं तर पाणी एका कडेला चढतं, तसंच. वळणात बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की तेलाचा पृष्ठभाग चक्क ४५ अंशांत कलतो. रस्त्यावर आपण त्याच्या अर्ध्यापर्यंतही क्वचित जातो, आणि गेलो तरी क्षणभर. ट्रॅकवर चिकट टायर लावले की तो जोर काही सेकंद टिकतो, आणि तेवढ्यात स्ट्रेनरची जाळी उघडी पडून पंप हवा ओढतो. रॉडच्या बेअरिंगमध्ये तेलाचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजायचा असतो. सहा हजार आरपीएमला तो तुटला की धातूला धातू लागायला वेळ लागत नाही.

इंजिन आडवं बसवलेलं असल्यामुळे वळणात तेल क्रँकच्या लांबीच्या दिशेने सरकतं आणि ब्रेक मारला की चेंबरच्या पुढच्या भिंतीवर जातं. सगळ्यात वाईट जागा म्हणजे ब्रेक धरून वळणात शिरणं, तेव्हा दोन्ही एकदम होतं.

उपाय चेंबरमध्ये आहे. स्ट्रेनरभोवती पत्र्याच्या भिंती घालून खोली करायची. तेल आत येईल पण पटकन बाहेर जाणार नाही अशी झडप ठेवली तर उत्तमच. वरून एक आडवा पत्रा, म्हणजे तेल भिंतीवर चढणार नाही. याशिवाय नुसता क्रँक घासून बांधलंत तर पुढच्या मोसमात हाच धागा वर येईल.

गिरणकर

आमच्याकडे ट्रॅकला जाताना लेव्हलच्या वर अर्धा-पाऊण लिटर तेल जास्त घालतात. एवढी कापाकापी कशाला?

चौथा_गिअर

@गिरणकर, थोडं जास्त, म्हणजे खुणेच्या किंचित वर, ठीक आहे आणि मीही ठेवतो. त्याच्या पुढे गेलात तर क्रँकची वजनं तेलात आपटतात, तेलाला फेस येतो, आणि फेस बेअरिंगला धरून ठेवू शकत नाही. ज्या रोगावर औषध म्हणून घातलं तोच रोग दुसऱ्या दाराने येतो. शिवाय ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) तेल इनटेकमध्ये जातं ते वेगळंच.

मायक्रॉन

कोल्हापुरात इंजिनाच्या सुट्या भागांच्या तपासणीत काम करते, त्यामुळे मोजण्याबद्दल थोडं लिहिते.

खाडीकाठ दादा, क्रँकचा निर्णय डोळ्यांनी करू नका. प्रत्येक पिनवर (क्रँकवर रॉडचं बेअरिंग बसतं तो गोल भाग) चार मापं घ्या: दोन्ही कडांपाशी, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात. कडांच्या मापांत फरक म्हणजे पिन निमुळती झाली, काटकोनातल्या मापांत फरक म्हणजे गोलाई गेली. तीन नंबरवर हे दिसणारच. घासायचं ठरलं तर चारही पिना एकाच अंडरसाइजला (घासून कमी केलेल्या मापाला) न्या, एकटी तीन नंबर नको.

त्याआधी चुंबकीय पद्धतीने तडा तपासून घ्या. तापलेल्या पिनवर केसाएवढी चीर असू शकते, आणि अशा क्रँकवर ग्राइंडिंगचा पैसा घालण्यात अर्थ नाही. ग्राइंडिंगवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: पिन जिथे क्रँकच्या गालाला (बाजूच्या जाड पाळीला) मिळते तिथली गोलाई जशीच्या तशी राहिली पाहिजे. तिथे धारदार कोपरा पडला की क्रँक पुढे तिथूनच तुटतो. तेलाच्या भोकांच्या कडाही घासल्यानंतर हलक्या मोडायला सांगा, नाहीतर त्या नव्या बेअरिंगला खरवडतात.

बोअर तीन उंचींवर मोजा, दोन दिशांनी. जास्तीत जास्त झीज वर, पहिली रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे असते. आणि तापमान सांभाळा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. दहा अंशांच्या फरकाने ७४ मिमीचा पिस्टन सुमारे १७ मायक्रॉन फुगतो, बोअर सुमारे ८. तुमचा एकूण क्लिअरन्सच २० ते ४० मायक्रॉनचा. सगळे भाग आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा. माप हातात फार वेळ धरूनही बदलतं.

अजून एक, हे फार महत्त्वाचं. ब्लॉक धुवायला दिलात तर गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत घालू देऊ नका. बिडाच्या ब्लॉकची सवय असलेला माणूस सहज बुडवतो. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. फोनवर सांगून भागणार नाही, ब्लॉकवरच मोठ्या अक्षरांत लिहा.

दर्यावर्दी

खाडीकाठ भाऊ, माका ट्रॅकातला काय कळणा नाय, पण खाऱ्या हवेत इंजिन उघडा ठेवचा कसा ता सांगू शकतंय. आमच्या घरात होड्यांची इंजिनाच खोलतत. बाकीचा सगळ्यांका समजात असा लिवतंय.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदरावरची सगळी डिझेल इंजिनं याच दोन महिन्यांत उघडली जातात. म्हणजे ज्या मोसमात लोखंड उघडं ठेवू नये त्याच मोसमात आम्ही ते उघडं ठेवतो.

मीठ हवेतलं पाणी ओढतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण स्वतःच विरघळून ओला होतो. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या खाली येतेय कुठे! म्हणून क्रँकवर बसलेला खारा थर रात्रंदिवस ओला असतो. आधी मीठ काढा. गोड्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा, मग तेल. मिठावरच तेल लावलं तर खालून गंज चालूच राहतो.

किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं. शेवटचं धुणं पावसाच्या पाण्याने करा. पहिले पाऊस पडून कौलं धुतली गेली की मग पागोळ्यांखाली पिंप लावायचं, त्याहून स्वच्छ पाणी तुम्हाला मिळायचं नाही.

पातळ इंजिन ऑइल दोन दिवसांत ओघळून जातं. पिनांना आणि बोअरला जाड ग्रीस लावा. घामाचे हात पॉलिश केलेल्या जागेला लावू नका, दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे तांबूस उमटतात.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट: लाकडी पेटी किंवा जुनं कपाट घ्या, आत तारेचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवा. एलईडी नको, ती तापत नाही. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर पेटीत पाचच अंश वाढले तरी आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे मीठ ओलं होण्याच्या पातळीखाली. वडिलांना हे आकडे ठाऊक नसतील, पण आमच्या घरात नोझल आणि पंपाचे भाग असेच ठेवतात.

सागरवेळ

काय सुंदर माहिती आहे! इंजिनातलं मला फारसं कळत नाही, पण शिवणयंत्र आणि कॅमेरा दोन्ही दर पावसाळ्यात खराब होतात. बल्बची पेटी उद्याच करते. वाचनखूण साठवली आहे.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. @दर्यावर्दी, बल्बचं कपाट त्याच संध्याकाळी केलं. धान्याचं जुनं कपाट होतं, दारांना फटी होत्या त्या कापडी पट्टीने बंद केल्या. क्रँक, रॉड, कॅमशाफ्ट सगळं आत आहे. बाहेर भिंतीला पाणी सुटलंय आणि आत कागदी पुठ्ठा कुरकुरीत राहिलाय.

आता मापं. तीन नंबर पिनची गोलाई दोन शतांश मिलिमीटरने गेलेली, दोन नंबर त्याच्या निम्म्याने. @मायक्रॉन ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे क्रँक आंबा घाटातून कोल्हापूरला, उद्यमनगरात नेला. आधी तडा तपासला. तडा नाही. मग चारही पिना ०.५० ला घासून घेतल्या. कोपऱ्याची गोलाई समोर उभं राहून पाहिली. ब्लॉकवर पांढऱ्या रंगाने ‘ॲल्युमिनियम, कॉस्टिक नको’ असं लिहिलं होतं. ते वाचून तिथल्या मिस्त्रींनी ब्लॉक बाजूला काढला आणि डिटर्जंटच्या गरम पाण्याने ब्रशने धुऊन दिला.

बोअर मर्यादेत निघाले. त्यामुळे ओव्हरसाइज पिस्टनची गरज पडली नाही, फक्त होनिंग (दगडाने बोअरला बारीक रेघा पाडणं) केलं आणि नव्या रिंगा. होनिंगच्या तिरप्या रेघा फार सुरेख आल्यात. पण होनिंगनंतरची सफाई हे खरं काम. रॉकेलने वरवरचं जातं, दगडाची भुकटी रेघांच्या आत तशीच राहते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. मग कोरडं करून पांढऱ्या कापडावर तेल घेऊन पुसायचं. कापडावर करडा डाग येतोय तोवर पुन्हा धुवायचं. डाग यायचा थांबला की लगेच तेल. या हवेत कोरडा बिडाचा लायनर चहा पिऊन येईपर्यंत तांबूस होतो.

तेलाच्या गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून आतून ब्रश फिरवला. त्या सोनेरी चमकेतली काही भुकटी तिथे बसलेली होती. ती तशीच राहिली असती तर पहिल्या स्टार्टलाच नव्या बेअरिंगमध्ये गेली असती. क्रँकमधल्या तेलाच्या वाटाही तशाच फुंकून, ब्रश घालून साफ केल्या.

मायक्रॉन

गॅलरीचे प्लग काढलेत हे वाचून फार बरं वाटलं. बहुतेक जण तिथेच हात आखडता घेतात. रॉड आणि पिस्टन वजन करून पाहिलेत का?

खाडीकाठ

हो. गावातल्या ओळखीच्या सोनारांकडे काटा आहे, त्यांच्याकडे चारही पिस्टन पिनांसकट नेले. त्यांनी काट्यावर मलमलचं फडकं टाकून एकेक ठेवला. सगळ्यात हलक्या आणि जड पिस्टनमध्ये जवळपास तीन ग्रॅमचा फरक होता. जड पिस्टनच्या आतल्या बाजूने, पिनच्या बॉसखालून (पिन बसते त्या जाड भागाखालून), जिथे जोर येत नाही तिथून थोडं थोडं घासून चारही अर्ध्या ग्रॅमच्या आत आणले. सोनारांना काम इतकं आवडलं की प्रत्येक वेळी आकडा तेच मोठ्याने वाचायचे. रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलून जुळवली, रॉडचे बोल्ट नवीन घेतले.

बेअरिंगचा क्लिअरन्स प्लास्टिगेजने पाहिला. प्लास्टिकची ती बारीक काडी पिनवर ठेवायची, कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक जराही न फिरवता सोडवायची आणि चपटी झालेली पट्टी मापाशी ताडून पाहायची. ०.०३८ ते ०.०४३ मिमीच्या दरम्यान आहे. ढोबळ नियम पिनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाचा आहे. ही पिन बेचाळीसच्या आसपासची, म्हणजे मी बरोबर जागेवर आहे.

वरची रिंग बोअरमध्ये घालून, पिस्टनने सरळ ढकलून तिच्या टोकांमधल्या फटीत फीलर गेज (ठराविक जाडीची पट्टी) टाकला. ०.३५ मिमी ठेवलीय.

गिरणकर

०.३५ जास्त नाही का? फट जितकी कमी तितकं कॉम्प्रेशन चांगलं राहणार ना?

चौथा_गिअर

रस्त्याच्या गाडीला ०.३० च्या आसपास ठेवली असती. ट्रॅकवर रिंग जास्त तापते, फुगते, आणि टोकाला टोक भिडलं तर रिंग बोअरला फाडते किंवा पिस्टनची रिंगेवरची कड उचकटते. ते नुकसान ब्लॉकपर्यंत जातं. फट किंचित जास्त असेल तर थोडी गॅस खाली जाईल, बाकी काही नाही. माझ्या मते खाडीकाठ यांनी बरोबर ठेवलीय.

चेंबरचं काय केलंत? माझं सगळं लक्ष तिकडे आहे.

खाडीकाठ

चेंबरवर या वेळी जेवढा वेळ गेला तेवढा बाकी कशावरही गेला नसेल.

स्ट्रेनरभोवती दीड मिमी पत्र्याच्या चार भिंती उभ्या केल्या, खालच्या कडेला तेल आत यायला भोकं, आणि दोन बाजूंना आतल्या दिशेनेच उघडणाऱ्या छोट्या झडपा. वरून आडवा पत्रा, डिपस्टिकला वाट सोडून. प्रश्न होता की फिरणारा क्रँक आणि रॉडची टोकं वरच्या पत्र्याला लागतील का. आमच्या आळीतच गणपतीची शाळा आहे, तिथून शाडूची माती मागून आणली. पत्र्यावर मातीच्या गुंडाळ्या ठेवल्या, चेंबर लावून आवळला, हाताने क्रँक दोन फेरे फिरवला आणि चेंबर काढला. तीन नंबरपाशी माती फारच पातळ दाबली गेली होती. पत्रा तिथे ठोकून खाली घेतला आणि पुन्हा तपासलं. आता सगळीकडे करंगळीच्या जाडीएवढी माती उरते.

स्ट्रेनरची जाळी आणि तळ यांतलं अंतरही मातीनेच मोजलं, ८ मिमी आहे. फार कमी असेल तर तेल ओढताना अडतं, फार जास्त असेल तर हवा लवकर मिळते. वेल्डिंगची खपली दाताच्या ब्रशने आणि सुईने काढली, शेवटी चेंबरमध्ये पाणी भरून रात्रभर ठेवलं. गळती नाही.

दर्यावर्दी

शाडूच्या मातयेन क्लिअरन्स! ह्या आमच्याकडे कोणी केला नाय. बापाशीक दाखवतंय.

पेट्रोलपंप

प्रश्न विचारतो, विषयाला थोडी बगल आहे. आता पंपावर ई२०च (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इतक्या जुन्या गाडीला ते चालेल का? आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर?

चौथा_गिअर

बगल अजिबात नाही, इंजिन नवीन बांधताना हे पाहायलाच हवं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे शुद्ध पेट्रोलला जिथे वजनाने १४.७ पट हवा लागते तिथे ई२० ला साडेतेराच्या आसपास पुरते. इंजेक्टरने पूर्वीइतकंच इंधन सोडलं तर मिश्रण ६ ते ८ टक्के पातळ (हवा जास्त, इंधन कमी) होतं. ऑक्सिजन सेन्सर असेल तर साध्या चालीत ईसीयू (इंजिनाचा संगणक) ते भरून काढतो, पण पूर्ण थ्रॉटलला बहुतेक जुने ईसीयू सेन्सरकडे पाहत नाहीत. ट्रॅकवर गाडी बराच वेळ नेमकी तिथेच असते. पातळ मिश्रण म्हणजे तापलेले पिस्टन आणि व्हॉल्व्ह. वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) लावून पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण पाहा आणि गरज पडली तर इंधनाचा दाब वाढवा.

इंधनाचे जुने रबरी पाइप सगळे बदला. आणि कोकणात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करू नका. इथेनॉल हवेतलं पाणी घेतं, पुरेसं पाणी जमलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, आणि पंप पहिल्यांदा तेच ओढतो. एकतर टाकी भरलेली, नाहीतर पूर्ण रिकामी.

खाडीकाठ

पाइप बदललेत, टाकी रिकामीच आहे. वाइडबँडचा सल्ला घेतो.

हेडचं (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) थोडक्यात: सरळपट्टी आणि फीलर गेजने पाहिलं, बाक ०.०५ मिमीच्या मर्यादेत होता, त्यामुळे फेसिंग (घासून सपाट करणं) केलं नाही. व्हॉल्व्ह लॅप केले (सीटवर घासून बसवले), निळा रंग लावून सीटवर सलग पट्टा उमटतोय याची खात्री केली, गाइडचे सील नवीन. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलच्या आकड्याला. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बोल्टच्या भोकात तेल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो, म्हणून प्रत्येक भोक हवेने कोरडं केलं.

इंजिन गाडीत बसलं. पंप बांधताना आत व्हॅसलिन भरलं होतं, म्हणजे पहिल्याच फेऱ्याला तेल ओढेल. स्पार्क प्लग काढून, इंधन आणि इग्निशन तोडून नुसत्या स्टार्टरवर फिरवलं. गेजचा काटा उचलून स्थिर झाल्यावरच प्लग लावले. मग चालू केलं. पहिल्या झटक्यात धरलं. ठोक नाही, टकटक नाही.

मायक्रॉन

अभिनंदन दादा! रिंगा बसवायला रस्त्यावर काढलीत का? नुसती आयडलवर घरघरत ठेवू नका, बोअरची पॉलिश होते आणि रिंगा बसत नाहीत.

खाडीकाठ

होय, साध्या मिनरल ऑइलवर. हातखंब्याहून पाली, नाणीज असा चढ-उतार आहे तो यासाठी फार चांगला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या-पाऊण थ्रॉटलने जोर द्यायचा, उतारावर थ्रॉटल सोडून इंजिनावरच उतरायचं. जोर दिला की रिंगा बाहेर दाबल्या जातात, सोडला की तेल वर ओढलं जाऊन भुकटी धुतली जाते. परत येऊन गरम असतानाच तेल सोडलं, फिल्टर कापून पाहिला. होनिंगची करडी भुकटी आहे, सोनेरी काहीच नाही. आता कायमचं तेल भरलंय.

गरम तेलाचा दाब हजार आरपीएममागे १० पीएसआयच्या ढोबळ नियमापेक्षा वरच आहे.

चौथा_गिअर

उत्तम. आता शेवटचं एक. डॅशबोर्डवरच्या तेलाच्या दिव्यावर विसंबू नका. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो. तेवढा दाब आयडलला कदाचित पुरेल, सहा हजार आरपीएमला तो दिवा लागेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. तुमच्या बाबतीत तो लुकलुकला म्हणजे त्याआधी कितीतरी वेळा दाब अर्ध्यावर आला असणार आणि तुम्हाला दिसलं नसणार.

खाडीकाठ

हे पटलं. टी-जोड बसवून गेजचा सेन्सर आणि स्विच दोन्ही लावलेत. मूळ स्विच काढून दीड बारला लागणारा घातलाय आणि त्याचा मोठा लाल दिवा स्टिअरिंगच्या बरोबर समोर, नजरेच्या रेषेत आहे. आयडलला गरम इंजिनावर तो कधी कधी लागेल, ते चालेल. गणपतीनंतर घाट मोकळे झाले की गाडी पुन्हा कोइमतूरला नेतोय. कॅमेरा रस्त्याकडे न लावता गेजकडे तोंड करून लावणार आहे. त्याच लांब वळणात काटा किती पडतो ते आरपीएमसकट इथे लिहीन.